सहा दिवसांचा बर्फ आणि वर्षभराचा क्लब

लंडन, ॲमस्टरडॅम किंवा हॅम्बुर्गसारख्या सपाट मुलखातल्या शहरात राहायचं, वर्षभर नोकरी करायची आणि हिवाळ्यात एकदा आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं, ही युरोपातल्या असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची ठरलेली रीत आहे. शनिवारी पोचायचं, रविवार ते शुक्रवार असे सहा दिवस उतारांवर काढायचे आणि पुढच्या शनिवारी परतायचं. अशा सुट्टीपुरत्या स्कीपटूने स्की क्लबचं सभासद व्हावं का? प्रश्न किरकोळ वाटतो, पण सोडवायला बसलं की हौस, पैसा, धोका आणि सोबत या चारही गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो. हा प्रश्न आता मराठी घरांतही आला आहे. म्युनिक, झुरिक, लंडन इथे नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांतली मुलं स्की शिकतात आणि मग आईवडिलांनाही शिकावंसं वाटतं. महाराष्ट्रातून गुलमर्गला जाणाऱ्यांपैकी काही जण आता नुसता बर्फ पाहून, फोटो काढून परतत नाहीत. आठवडाभर राहून शिकतात. या सगळ्यांसाठी माझं म्हणणं असं आहे: क्लबचा फायदा वाचलेल्या पैशांत मोजला तर बहुतेकांच्या पदरी फारसं काही पडत नाही. तोच फायदा बर्फावरच्या सत्कारणी लागलेल्या दिवसांत मोजला, तर चांगला क्लब वर्गणीच्या कितीतरी पट परत देतो. आणि माणूस बर्फापासून जितका लांब राहतो, तितकी त्याला क्लबची गरज जास्त असते.

लांबच्या माणसांनी काढलेले क्लब

हे म्हणणं इतिहासाला धरून आहे. सुट्टीतल्या स्कीइंगचे पहिले मोठे क्लब आल्प्सच्या कुशीतल्या गावांनी काढलेले नाहीत. ज्या देशात उंच पर्वतच नाहीत त्या देशातल्या माणसांनी ते काढले. स्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटनची स्थापना १९०३ मध्ये लंडनच्या कॅफे रॉयलमध्ये झाली. सुमारे त्याच काळात सर हेन्री लन या गृहस्थाने स्वित्झर्लंडमधली हॉटेलं हिवाळ्यात आपल्या क्लबच्या सभासदांसाठी राखून घेण्याची पद्धत रुळवली. एरवी उन्हाळ्यापुरती चालणारी ही हॉटेलं त्यामुळे हिवाळ्यातही भरू लागली. हेन्री लन मेथडिस्ट मिशनचे डॉक्टर म्हणून भारतात येऊन गेले होते आणि त्यांचा मुलगा अर्नोल्ड याचा जन्म १८८८ मध्ये मद्रासचा. याच अर्नोल्ड लन यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन गावी आधुनिक स्लॅलमची, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरण्याची, पहिली शर्यत भरवली आणि १९२४ मध्ये तिथेच कंदाहार स्की क्लब काढला. कंदाहार हे नाव फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या किताबावरून आलं. १९११ मध्ये भरलेल्या एका उतारशर्यतीच्या चषकाला त्यांचं नाव दिलं होतं. हे रॉबर्ट्स कानपूरचे जन्मलेले आणि अफगाण युद्धात नाव कमावलेले. समोरच्या वेंगेन गावी १९२५ मध्ये डाउनहिल ओन्ली हा क्लब निघाला. चढायला आगगाडी आणि उतरायला स्की, एवढाच कार्यक्रम असलेल्या ब्रिटिश पाहुण्यांचा तो क्लब. आज ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या उतारशर्यती आणि स्लॅलम यांचे नियम घडवण्यात या सुट्टीवर येणाऱ्या परक्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्या काळी सभासदत्वाचा फायदा सिद्ध करावा लागत नव्हता. क्लबशिवाय हॉटेल मिळणं कठीण, बर्फ कुठे किती पडला हे कळणं कठीण आणि शिकवणारा मिळणं त्याहून कठीण. कौशल्य जोखणाऱ्या चाचण्या क्लब घ्यायचा, बर्फाचे अहवाल क्लब गोळा करायचा, गावात सभासदांना भेटणारा प्रतिनिधी क्लब नेमायचा. पुढच्या शतकभरात यातली बरीचशी कामं दुसऱ्यांनी उचलली. सहलकंपन्या विमान, हॉटेल आणि लिफ्टचा पास एकत्र विकू लागल्या. प्रत्येक रिसॉर्टमध्ये स्कीशाळा उभ्या राहिल्या. डोंगरावरचे कॅमेरे आणि हवामानाचे अंदाज फोनवर फुकट दिसू लागले. त्यामुळे १९२५ मध्ये उघड असलेला फायदा आज शोधावा लागतो, आणि तो चुकीच्या जागी शोधला की निराशा होते.

सवलतीचा हिशेब

चुकीची जागा म्हणजे सवलतींची यादी. सभासद मिळवताना बहुतेक क्लब तीच यादी पुढे करतात: स्कीच्या भाड्यात इतकी सूट, सहलकंपनीच्या दरात इतकी, कपड्यांच्या दुकानात इतकी. एक सरळ उदाहरण घेऊ. समजा वर्गणी ८० युरो आहे. आठवड्याचं स्की-बुटांचं भाडं १५० युरो, त्यावर दहा टक्के सूट, म्हणजे १५ युरो वाचले. हजार युरोंच्या सहलीवर पाच टक्के सूट, म्हणजे ५० वाचले. दोन्ही मिळून ६५. वर्गणी अजून भरून निघाली नाही, आणि एवढ्यासाठीही क्लबशी करार असलेल्याच कंपनीकडून सहल आणि क्लबशी करार असलेल्याच दुकानातून स्की घ्यावे लागले. हंगामाआधी नोंदणी केली तर तेवढीच सूट कुणालाही मिळते. उरलेले १५ युरो भरून काढायला नवं जाकीट घेतलं, तर ते वाचवणं राहिलं बाजूला, तो जादा खर्च झाला. सवलत ही खर्च केल्यावरच मिळणारी गोष्ट आहे. वर्षातून एकदा जाणारा माणूस मुळात कमी वेळा खर्च करतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला ती कमीच येते. वर्षात तीन-चार वेळा जाणाऱ्याचं, किंवा चौघांच्या कुटुंबाने एकत्र वर्गणी भरली असेल तर त्या कुटुंबाचं गणित जुळू शकतं. एकट्यादुकट्याचं सहसा जुळत नाही.

अमेरिकेत तर सवलतीचा हा आधार जवळजवळ निघूनच गेला आहे. तिथल्या शहरी स्की क्लबांचं एके काळी मोठं बळ म्हणजे गटाने घेतलेली स्वस्त तिकिटं. २००८ मध्ये व्हेल कंपनीने एपिक पास आणला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीचा आयकॉन पास आला. हंगामाआधी एकदाच पैसे भरा आणि कितीतरी डोंगरांवर जा, अशी ही योजना. पुढे खिडकीवर मिळणाऱ्या एका दिवसाच्या तिकिटाचा दर मोठ्या रिसॉर्टमध्ये गर्दीच्या दिवसांत ३०० डॉलरच्या वर गेला. आता खरी सूट आधी पैसे भरण्यात आहे आणि तिला सभासदत्व लागत नाही. म्हणून केवळ सवलतीसाठी क्लबमध्ये जाऊ पाहणाऱ्याला माझं स्पष्ट सांगणं आहे की जाऊ नका. ज्या क्लबकडे या यादीपलीकडे दाखवायला काही नाही, तो तुमच्या कामाचा नाही.

खरी टंचाई दिवसांची

हिशेब आता दुसऱ्या बाजूने मांडू. सुट्टीतल्या स्कीपटूकडे सगळ्यांत कमी असतात ते दिवस. मोठ्या फ्रेंच रिसॉर्टमध्ये सहा दिवसांचा लिफ्ट पास ४०० युरोंच्या आसपास जातो. प्रवास, राहणं, जेवण आणि सामानाचं भाडं धरून माणशी खर्च १५०० युरो झाला असं समजलं, तर बर्फावरचा एक दिवस २५० युरोंना पडतो. आता हे दिवस कसे जातात ते पाहा. पहिला दिवस अंग आखडलेलं असतं, मागच्या वर्षी जमलेलं वळण यंदा जमत नाही, मांड्या दुपारपर्यंत भरून येतात. दुसऱ्या दिवशी थोडा सूर लागतो. तिसऱ्या दिवशी थकवा दाटतो आणि पाय ऐकेनासे होतात. खरं स्कीइंग म्हणावं असं चौथ्या दिवसापासून सुरू होतं आणि सहाव्या दिवशी संपतं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं जाऊनही अनेकांचं कौशल्य त्याच मधल्या पायरीवर अडकून राहतं, त्याचं कारण हेच. मधल्या अकरा महिन्यांत सरावच होत नाही.

स्थानिक क्लबची किंमत इथे कळते. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून प्लॅस्टिकच्या ब्रशचे कृत्रिम उतार, म्हणजे ड्राय स्लोप, उभे राहिले. एडिनबरोजवळच्या हिलेंडचा उतार त्यांतला नावाजलेला. १९९४ मध्ये टॅमवर्थला बंदिस्त इमारतीत खऱ्या बर्फाचा उतार झाला आणि नंतर इतर शहरांतही तसे झाले. या उतारांवर संध्याकाळी, शनिवार-रविवारी सभासदांना शिकवणारे, शर्यती भरवणारे छोटे क्लब आहेत. त्यांतले बरेच स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. अशा क्लबमधून काय घडू शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण डेव्ह रायडिंग. लँकशायरमधल्या पेंडल स्की क्लबच्या प्लॅस्टिकच्या उतारावर तो शिकला, आणि २२ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची स्लॅलम जिंकून अल्पाइन विश्वचषकाची शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश स्कीपटू ठरला. सुट्टीवर जाणाऱ्या कुणालाही किट्झब्यूल जिंकायचं नसतं. पण ज्या उताराने एका मुलाला तिथवर पोचवलं, तो एखाद्या चाळिशीच्या कारकुनाचे सुट्टीतले पहिले दोन दिवस नक्कीच वाचवू शकतो.

प्लॅस्टिकवर शिकण्यात काय अर्थ, खरा बर्फ वेगळाच असतो, असा आक्षेप यावर घेतात. बर्फ वेगळा असतो हे खरंच आहे. प्लॅस्टिकवर कडा नीट रुतत नाही, पडलं तर जास्त लागतं, उतार छोटा असल्याने चार वळणांत धाव संपते. तरीही स्कीइंगचा पाया ज्या गोष्टींवर आहे त्या दोन्हीकडे सारख्याच आहेत: वजन बाहेरच्या पायावर टाकणं, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवणं, भीती वाटली की मागे न झुकणं. ही शरीराला लागणारी सवय आहे आणि सवय वारंवारतेने लागते. वर्षातून एकदा सहा दिवस सलग केल्यापेक्षा आठवड्यातून एक तास, तोही चार महिने, असा सराव अंगात जास्त मुरतो. शिवाय नवशिक्यांना दुखापत होण्याचं प्रमाण अनुभवी स्कीपटूंपेक्षा जास्त असल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत वारंवार दिसलं आहे. अनुभवाचे तास वाढवणारी कोणतीही व्यवस्था गुडघ्याच्याही हिताची. क्लबच्या सरावाला वर्षभरात शंभर-दीडशे पौंड लागले आणि त्याने बर्फावरचा एकच दिवस वाचवला, तरी पैसे वसूल झाले. दोन वाचवले तर फायदाच आहे.

वर्गणीत गुंफलेला विमा

क्लबचा दुसरा खरा फायदा जर्मन-ऑस्ट्रियन परंपरेत सापडतो. तिथल्या संस्था स्कीपुरत्या नाहीत. एकूण पर्वतावरच्या भटकंतीसाठी आहेत. ऑस्ट्रियाची आल्पेनफेराइन १८६२ ची, स्विस आल्पाइन क्लब १८६३ चा, तर जर्मन आल्पेनफेराइन म्युनिकमध्ये १८६९ साली स्थापन झाली आणि आज तिचे पंधरा लाखांच्या आसपास सभासद आहेत. तिच्या शाखांची वार्षिक वर्गणी गावागणिक बदलते, पण मोठ्या माणसासाठी ती साधारण ६० ते ११० युरोंच्या दरम्यान असते. त्या बदल्यात संस्थेच्या डोंगरातल्या निवाऱ्यांमध्ये स्वस्तात राहता येतं, शाखेचे अभ्यासवर्ग आणि सहली मिळतात आणि डोंगरात अपघात झाला तर शोध व सुटकेचा २५,००० युरोंपर्यंतचा खर्च वर्गणीतच भागतो. ऑस्ट्रियन संस्थेचं संरक्षणही याच धर्तीवर आहे आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनाही तिचं सभासद होता येतं.

याचं मोल समजायला आल्प्समधली व्यवस्था माहीत असावी लागते. उतारावर पाय मोडला तर खाली आणणारी स्लेज किंवा हेलिकॉप्टर हा अनेक ठिकाणी वैद्यकीय सेवेचा भाग मानला जात नाही. त्याचं बिल वेगळं येतं आणि हेलिकॉप्टर असेल तर ते हजारो युरोंचं असतं. ब्रिटिश नागरिकांकडचं आरोग्य कार्ड युरोपातल्या सरकारी दवाखान्यात चालतं, डोंगरावरच्या सुटकेला चालत नाही. इटलीत तर १ जानेवारी २०२२ पासून उतारावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडे, दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असणं कायद्याने सक्तीचं आहे. यावर कुणी म्हणेल की प्रवासविमा बाजारात मिळतो, त्याला क्लब कशाला? आखलेल्या उतारांवरच राहणाऱ्याला हा मुद्दा लागू पडतो आणि मी तो मान्य करतो. हिवाळी खेळांसह घेतलेला साधा विमा त्याला पुरतो. फरक पडतो तो आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्याला. अनेक विमा कंपन्या तिथे गाइड सोबत असेल तरच भरपाई देतात, किंवा देतच नाहीत, आणि ही अट बारीक अक्षरांत असते. पर्वतसंस्थांचा विमा हा धोका ओळखूनच आखलेला असतो. मात्र त्यातही उपचारांच्या खर्चाला मर्यादा असते. सुटकेचा खर्च मिळेल म्हणून रुग्णालयाचाही मिळेल असं धरून चालू नये. वर्गणीतला विमा आणि प्रवासविमा हे एकमेकांना पूरक आहेत आणि दोन्हींची कलमं शेजारी ठेवून वाचण्याला पर्याय नाही.

सोबतीची किंमत

तिसरा फायदा सोबतीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा. आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारावर एकट्याने स्कीइंग करता येतं. ताज्या, न दाबलेल्या बर्फात एकट्याने जाणं धोक्याचं आहे. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत चांगली असते आणि नंतर झपाट्याने घसरते. सुटकेचं पथक खालून तेवढ्या वेळात पोचणं अवघड असतं. जीव वाचवू शकतो तो शेजारचा साथीदार, आणि तोही त्याच्याकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र), बर्फात खुपसून पाहण्याची लांब काठी आणि फावडं असेल, ते वापरायचा सराव असेल आणि तो स्वतः गाडला गेला नसेल तरच. म्हणजे आपलं साधन कितीही चांगलं असलं तरी आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या सरावावर अवलंबून असते. हा सराव सुट्टीच्या आठवड्यात होत नाही. हिवाळ्याआधी एखाद्या मैदानात पुरलेला बीकन शोधण्याचा वर्ग घेणारा क्लब सभासदाला जे देतो, ते बाजारात कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

कमी धोक्याच्या उतारावरही सोबतीला अर्थ आहे. घरातल्या चौघांची पातळी चार तऱ्हेची असते. एकाला वेग हवा असतो, दुसरा अजून पहिल्या वळणात अडखळतो. दिवसभर एकमेकांसाठी थांबण्यात दोघांचाही बर्फ वाया जातो. स्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटनने या अडचणीवर पातळीनुसार गट पाडून, प्रशिक्षित सभासद-म्होरक्यासोबत डोंगर हिंडायची पद्धत बसवली. म्होरक्याला मानधन नसे आणि तो शिकवतही नसे. डोंगर दाखवत असे, वेग सांभाळत असे. खासगी गाइडला दिवसाला ४०० ते ५०० युरो मोजावे लागतात, हे लक्षात घेतलं तर या सेवेची किंमत कळते. पण तिची मर्यादाही पुढे उघड झाली. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या अल्बर्टव्हिलच्या न्यायालयाने एका ब्रिटिश सहलकंपनीला, पात्रता नसलेल्या कर्मचाऱ्यांकरवी पाहुण्यांना उतारांवर नेल्याबद्दल दोषी ठरवलं. त्यानंतर स्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटननेही फ्रान्समधली आपली ही पद्धत थांबवली. फ्रेंच प्रशिक्षकांची बाजू चुकीची नव्हती. परक्या डोंगरावर माणसं नेण्याची जबाबदारी कुणी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. सभासद होणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की सोबतीची सेवा कोणत्या देशात, कोणत्या पात्रतेच्या माणसाकडून मिळणार आहे, ते पैसे भरण्याआधी विचारावं.

सोबतीसाठी आता फोनवरचे गट आहेत, त्यांना वर्गणी नाही, मग क्लब कशाला, हा आजचा सर्वांत जोरकस आक्षेप आहे. अशा गटात साथीदार मिळतो, हे निर्विवाद. पण तो आपली पातळी स्वतःच सांगतो आणि ती तपासणारं कुणी नसतं. सकाळी हवा बिघडली तर आज जायचं नाही, असं सांगण्याचा अधिकार कुणाकडे नसतो. उलट अनोळखी लोकांत मागे हटायला संकोच वाटतो आणि एकाच्या उत्साहामागे सगळे ओढले जातात. क्लबमध्ये माणसं वर्षभर एकमेकांना पाहत असतात. कोण घाबरतं, कोण फुशारकी मारतं, कुणाचा गुडघा कच्चा आहे, हे माहीत असतं. या ओळखीतून येणारा निर्णय डोंगरावर जीव राखतो. फोनवरचा गट माणसं जमवू शकतो. त्यांना एकमेकांची पारख व्हायला जो वेळ लागतो, तो क्लबच्या नियमित भेटींतच मिळतो.

बंद दारांचा आक्षेप

क्लब म्हणजे ठरावीक वर्गाच्या, ठरावीक वयाच्या लोकांचं बंद वर्तुळ, हा आक्षेप जुना आहे आणि इतिहासाने तो खरा ठरवला आहे. लन यांचे क्लब खासगी शाळा-विद्यापीठांतून आलेल्या वरच्या वर्गासाठी होते. ब्रिटिश स्त्रियांनी १९२३ मध्ये लेडीज स्की क्लब हा स्वतःचा क्लब काढला. स्विस आल्पाइन क्लबने १९०७ मध्ये स्त्रियांना दार बंद केलं आणि ते १९८० मध्ये उघडलं. मधल्या काळात, १९१८ पासून, स्विस स्त्रियांचा वेगळा क्लब होता. सर्वांत काळं पान जर्मन-ऑस्ट्रियन आल्पेनफेराइनचं. तिच्या शाखांनी ज्यू सभासदांना वगळायला सुरुवात केली, तेव्हा व्हिएन्नामध्ये १९२१ साली डोनाउलँड ही शाखा निघाली, आणि १९२४ मध्ये ती आख्खी शाखाच संस्थेबाहेर काढली गेली. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा आठ वर्षांचा अवकाश होता. पर्वत सगळ्यांचे असतात, पण पर्वतावर जायची व्यवस्था ज्यांच्या हाती असते ते ती अडवू शकतात, हे या संस्थांनी दाखवून दिलं आहे.

तरी याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. ज्यांना दार बंद झालं त्यांनी क्लब या कल्पनेवर पाणी सोडलं नाही. त्यांनी आपले क्लब काढले. अमेरिकेत १९७३ मध्ये कृष्णवर्णीय स्कीपटूंचे १३ क्लब कोलोरॅडोमधल्या ॲस्पेनला एकत्र आले आणि त्यातून नॅशनल ब्रदरहुड ऑफ स्कीअर्स ही संघटना उभी राहिली. ज्या उतारांवर आपल्यासारखा दुसरा माणूस दिसत नाही, तिथे एकट्याने जाण्याचं दडपण काय असतं, हे त्यांना माहीत होतं. शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिससारख्या शहरांतून शेकडोंनी एकत्र जाऊन त्यांनी ते दडपण झुगारलं. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसालाही स्कीच्या गावात पहिल्यांदा गेल्यावर असंच परकेपण जाणवू शकतं. आजूबाजूची मुलं तीन वर्षांची असल्यापासून स्कीवर आणि आपण चाळिशीत पहिल्यांदा बूट चढवतोय, हा संकोच कितीतरी जणांना एका सहलीनंतर थांबवतो. सोबत आपल्याच पातळीचे, आपल्यासारखेच उशिरा सुरुवात केलेले लोक असले तर माणूस टिकतो. क्लब बंदिस्त आहे की मोकळा, हे त्याच्या नियमांपेक्षा नवख्या माणसाला पहिल्या महिन्यात कोण भेटतं यावरून कळतं. वर्गणीआधी एकदा त्यांच्या सरावाला जाऊन पाहणं शहाणपणाचं.

दोन प्रकारच्या माणसांनी मात्र क्लबच्या फंदात लगेच पडू नये. ज्याने अजून एकदाही स्की पायात घातलेले नाहीत, त्याने आधी रिसॉर्टमधल्या स्कीशाळेत आठवडाभर शिकावं. आवडतं की नाही तेच अजून ठरलेलं नाही. आणि ज्यांची मुलं अगदी लहान आहेत, त्या आईवडिलांचा दिवस मुलांच्या वर्गाच्या वेळांवर चालतो, क्लबच्या गटात सामील होण्याची सवड त्यांना मिळत नाही. त्यांनी काही वर्षांनी पुन्हा विचार करावा.

आपल्याकडे

भारतात ही चर्चा अस्थानी नाही. गुलमर्गमध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्येच स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तिथे लष्कराची स्कीशाळा सुरू झाली. आजच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचं मूळ तिथे आहे. पुढे केंद्राच्या पर्यटन खात्याची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आली. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाल्यावर सुमारे २,६५० मीटरवरच्या गुलमर्गहून अफरवट डोंगराच्या ३,९०० मीटरपलीकडच्या खांद्यापर्यंत बसून जाता येऊ लागलं. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे शिकाऊ वर्ग चालतात, मात्र जवळचं जोशीमठ शहर खचू लागल्यानंतर, जानेवारी २०२३ पासून, तिथला रोपवे बंद पडला. म्हणजे आपल्याकडे डोंगर आहे, लिफ्ट आहे, शिक्षक आहेत. नाही ती सुट्टीतल्या स्कीपटूला वर्षभर धरून ठेवणारी व्यवस्था. पुण्याचा माणूस गुलमर्गला आठवडाभर शिकतो, परत येतो आणि पुढच्या खेपेपर्यंत शिकलेलं विसरतो.

दुसरीकडे धोका मात्र पूर्ण आहे. गोंडोलाचा वरचा टप्पा आखलेल्या उतारांच्या पलीकडच्या जंगली बर्फात नेऊन सोडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. त्याच २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं आणि बर्फासाठी आलेले पर्यटक गवत पाहून परतले. ज्याने महिनाआधी एकट्याने नोंदणी केली, त्याचे पैसे आणि सुट्टी दोन्ही बुडाले. स्थानिक शिक्षकांशी कायमचा संबंध असलेला गट तारीख पुढे ढकलू शकतो, बर्फ कसा आहे हे विचारू शकतो, आज वर जाऊ नका हा सल्ला ऐकू शकतो.

महाराष्ट्रात हे काम करू शकतील अशा संस्था आहेत. मुंबईत गिरिविहार १९५४ पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी १९८२ पासून. गावोगावी गिर्यारोहण मंडळं आहेत. ती सह्याद्रीत प्रस्तरारोहणाचे वर्ग घेतात, हिमालयात मोहिमा काढतात, कड्यावर अडकलेल्यांना उतरवायला रात्री-अपरात्री धावतात. स्कीला लागणारं मांड्यांचं आणि तोलाचं बळ पावसाळ्यात कमावता येतं. बीकन शोधण्याचा सराव कुठल्याही मैदानात होतो. हिमस्खलन कसं ओळखायचं, याचं पहिलं शिक्षण वर्गात बसून घेता येतं. गुलमर्गच्या शिक्षकांशी गटाने दरवर्षीचा करार करता येतो, विम्याची कलमं एकदा नीट वाचून सगळ्यांसाठी ठरवता येतात. यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही, असलेल्या मंडळांनी स्कीचा एक विभाग सुरू केला तरी पुरेल. त्यासाठी शे-पाचशे माणसंही लागत नाहीत. नियमाने येणारी वीस-पंचवीस पुरतात.

अशा क्लबची वर्गणी भरावी का, या प्रश्नाला मग माझं उत्तर निःसंदिग्ध आहे: भरावी. पण भरण्याआधी एकच गोष्ट विचारावी, जुलै महिन्यात तुम्ही काय करता? ज्या क्लबकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, तो डिसेंबरात तुमचे दिवस वाचवील आणि प्रसंग पडला तर जीवही. ज्याच्याकडे नाही, त्याची सवलतीची यादी कितीही लांब असो, ते पैसे एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या दोन तासांवर खर्च करणं बरं. आपल्याकडे बर्फच नाही, मग क्लब कसला, असं कुणी म्हटलं तर त्याला पेंडलच्या टेकडीवरचं प्लॅस्टिक दाखवावं. हा खेळ सुट्टीत खेळायला ज्यांनी पहिल्यांदा क्लब काढले, त्यांच्याही गावात बर्फाचे डोंगर नव्हते.